ज्यांचे पाय पोळले नाहीत

महानंदा अक्का माणसाच्या चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी बघत. आधी चप्पल, मग पाय, मग चाल, आणि वेळ उरलाच तर तोंड. आमच्या ईट गावच्या बाजारात कुणी हात जोडून ‘नमस्कार अक्का’ म्हटलं, की उत्तर यायचं, “तुझी डावी टाच एका अंगानं झिजलीय. उद्या ये.” एकदा पंचायत समितीला उभे राहिलेले एक उमेदवार लवाजमा घेऊन त्यांच्या दारात आले. अक्कांनी त्यांना अंगणातच थांबवलं आणि म्हणाल्या, “जरा त्या फाटकापर्यंत जाऊन परत या.” उमेदवारांना वाटलं, बाईंचा काही शकुन-बिकुन असेल. ते गंभीरपणे गेले, गंभीरपणे परत आले. अक्का म्हणाल्या, “मताचं माझं मी बघते. तुम्ही आधी शुगर तपासा.”

मी त्यांना खऱ्या अर्थाने पाहिलं ते आमच्या गल्लीतल्या एका लग्नात. मांडवाच्या तोंडाशी चपलांचा ढीग पडला होता आणि साठी उलटलेल्या अक्का त्या ढिगापाशी उकिडव्या बसून एकेक चप्पल उलटी करून बघत होत्या. बायका कुजबुजत होत्या, नर्सबाईंच्या चपला गेल्या वाटतं. मी मदतीला गेले.

“कशी होती अक्का तुमची चप्पल?”

“माझी पायात हाय,” त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात एक पुरुषी चामडी चप्पल होती. तळातून खिळ्याचं टोक आत आलं होतं आणि त्याच्याभोवती काळपट डाग वाळला होता. “ही कुणाची? बोलव त्याला.”

चप्पल निघाली नवऱ्या मुलाच्या मामांची. मामा जिलेबी चघळतच आले. “माझीच हाय. का, काय झालं?”

“खिळा टोचत न्हाय?”

“कुठला खिळा?”

आत भोंग्यावर मंगलाष्टकं चालू होती. अक्कांनी मामांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, त्यांचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, पदराने पुसला. अंगठ्याच्या मागच्या गादीवर भोक पडलं होतं. मामा अजून जिलेबी चघळत होते. आपल्या पायाला भोक आहे हे त्यांना इतरांच्या तोंडाकडे बघून कळलं. अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “दुखत न्हाय, हेच दुखणं हाय पोरी.”

पुढे हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं. कधी रागाने, कधी समजावून, एकदा रडत.

अक्का मूळच्या उमरग्याच्या पलीकडच्या, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावच्या. वडील कापडाचे व्यापारी, घरात कानडी, दुकानात मराठी. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळावर भस्माची तीन बोटं, अंगावर फिकट सुती पातळ. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी आमच्या भागात उपकेंद्राची नर्स म्हणून काढली. निवृत्त झाल्या तेव्हा गावाने शाल आणि नारळ दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी स्वतःच्या ओसरीवर एक बाक टाकलं, पाण्याची बादली ठेवली आणि एक पेन ठेवलं. त्या पेनात शाई नव्हती. रिकाम्या नळीत नायलॉनचा जाड दोरा बसवला होता. डोळे मिटायला सांगून त्या दोऱ्याचं टोक तळव्याला लावायचं आणि विचारायचं, “कळलं?” बस्स, एवढंच त्यांचं हत्यार.

हे कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या आईला साखरेचा आजार होता, त्याने पाय बधिर झाले होते. चुलीजवळ बसलेल्या आईच्या पायावर निखारा पडला आणि वास आल्यावर घरच्यांना कळलं. पाय गुडघ्याखालून गेला. “मी नर्स होते. लोकांच्या लेकरांना लस देत गावोगाव फिरत होते. आईचा तळवा एकदापण उलटा करून बघितला न्हाय.” त्यानंतर त्या बादलीतलं पाणी बदलायला उठल्या.

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे, कारण अक्कांशी माझी खरी ओळख भांडणाने झाली. माझे वडील, अप्पा, निवृत्त प्राथमिक शिक्षक. उभं आयुष्य त्यांनी पत्रकं लिहिली. रोजगार हमीची कामं, रेशनचं धान्य, टँकरचं पाणी, मुलींची शाळा, ज्यावर अन्याय दिसेल त्यावर एक पान. जवळच्या वाशी गावातल्या छापखान्यात ती छापायची आणि पायी गावोगाव वाटायची. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या मुद्रितांवरून. आई गेल्यावर घरात आम्ही दोघं आणि पत्रकांचे गठ्ठे उरलो. त्यामुळे मला लवकरच एक सवय लागली: जगात काही नवं आलं, की ते कुणाच्या फायद्याचं आहे हे आधी विचारायचं. अजूनही ती सवय मला चुकीची वाटत नाही.

एके वर्षी एका शहरी प्रकल्पाची माणसं अक्कांकडे आली. त्यांच्याकडे साधाच स्मार्टफोन होता. तो कंबरेला बांधून माणसाने वीस पावलं चालायचं, वळायचं, परत यायचं. फोनच्या आत जे हलणं-डुलणं मोजणारं यंत्र असतं, ते पाऊल किती लांब पडलं, किती वेळ टेकलं, अंग कोणत्या बाजूला झुकलं, दोन पायांत किती फरक आहे हे टिपायचं. मग पडद्यावर खूण उमटायची. हिरवी म्हणजे चाल ठीक, पिवळी म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे पायाला धोका. त्याच फोनने तळव्याचे फोटो आणि चालण्याची चित्रफीत घ्यायची. गावोगावच्या साखरेच्या रुग्णांचे पाय जखम होण्याआधीच हेरायचे, असा बेत होता. प्रकल्पाकडून एक तरुण इंजिनिअर बाई आल्या होत्या. त्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत.

मी पेटले. ज्या भागात पायाची जखम बघायला धड डॉक्टर मिळत नाही, तिथे फोन वाटणार? आणि आमच्या चालीची नोंद जाणार कुठे? मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘आमची पावलं कुणाच्या खिशात?’ अप्पांनी दोन विशेषणं काढली, बाकी तसंच छापलं. आठवडी बाजारात मी ते स्वतः वाटलं. एक प्रत मुद्दाम अक्कांच्या ओसरीवर टाकली.

संध्याकाळी निरोप आला. गेले तर अक्का चष्मा लावून माझं पत्रक वाचत होत्या, पेन्सिलीने खुणा करत.

“ये पत्रकबाई. बस. दुसरा परिच्छेद चांगला झालाय. तिसऱ्यात नुसतीच वाफ हाय.”

“तुम्हाला त्यांनी काय सांगितलं अक्का? ही सगळी माहिती ते—”

“थांब की जरा. तू हिथं विचारलंयस, नोंद कुठं जाणार, कोण बघणार, नको म्हणलं तर पुसणार का. व्हय?”

“व्हय.”

“हे मला सुचलंच न्हाय,” अक्का म्हणाल्या. एखादी वयाने मोठी, मानाची बाई आपल्या चुकीबद्दल इतक्या सरळपणे बोलताना मी तोवर ऐकली नव्हती. “म्हणून दुपारी मी त्या मॅडमला बसवलं आणि तुझं पत्रक वाचून दाखवलं. ती म्हणली, फोनवर एक ‘मान्य’ म्हणून बटण हाय, ते तुम्हीच दाबा लोकांच्या वतीनं. म्या म्हणलं, माझ्या हातानं दुसऱ्याच्या पायाचं बटण दाबायचं न्हाय. मराठीत कागद करा, वाचून दाखवा, नको म्हणणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवा. तोवर माझ्या ओसरीवर फोन चालू व्हायचा न्हाय.”

“मग?”

“मग काय? कागद येणार हाय. वाचून कोण दाखवणार? तुझा आवाज मोठा हाय.”

अशी मी अक्कांच्या कामात ओढली गेले. माझा विरोध त्यांनी खोडला नाही. त्याला काम लावलं.

पुढचे काही महिने मी जे पाहिलं, त्याने माझ्यासारख्या संशयी मुलीचीही बोलती बंद झाली. पहिला प्रश्न फोन बांधायचा होता. प्रकल्पाने पाठवलेला पट्टा लुगड्यावर बांधायला एकही बाई तयार होईना. एका आजींनी फोन चोळीत खोचला आणि चालल्या, तर मॅडमच्या पडद्यावर आजी धावत सुटल्या आहेत असं दिसू लागलं. अक्कांनी खणाचे तुकडे घेऊन पानसुपारीच्या चंचीसारख्या पिशव्या शिवल्या. चंची कंबरेला कशी घट्ट खोचायची हे आमच्या बायकांना शिकवावं लागत नाही. फोन जिथल्या तिथे बसला.

मग चित्रफिती. अक्का जमिनीला जवळजवळ कान लावून, माणसाच्या मागून त्याच्या टाचांचं चित्रण घेत आणि मग ते अगदी संथ करून त्यालाच दाखवत. स्वतःची चाल माणूस कधी बघत नाही. स्वतःचा तळवा तर आमच्याकडचे निम्मे लोक जन्मात बघत नाहीत. एक म्हातारे शेतकरी फोन हातात धरून कितीतरी वेळ आपल्या तळव्याचा फोटो निरखत राहिले. भेगा, डागलेल्या खुणा, एका बाजूला घट्टा.

“हा माझाच व्हय अक्का?”

“तुमचाच. साठ-सत्तर वर्षं तुम्हाला उचलून फिरतोय.”

म्हाताऱ्यांनी फोटोला हात लावून तो हात कपाळाला लावला. मॅडम हसल्या नाहीत, मीही नाही.

अक्कांचं आणि त्या फोनचं नातंच वेगळं होतं. त्या त्याला भीत नव्हत्या आणि त्याची पूजाही करत नव्हत्या. माणूस चालत असताना त्या आधी स्वतः बघत, मनाशी ठरवत, मग पडद्याकडे वळत. दोघांचं जमलं की मान डोलवत. जमलं नाही की कानडीत म्हणत, “नोडु!” म्हणजे बघ. मग पुन्हा चालवत. कधी त्या चुकत, कधी फोन. आपण चुकलो की त्यांचा चेहरा शाळकरी मुलीसारखा फुलत असे. “मला दिसलंच न्हाय गं! उजवा पाय एवढासा उशिरा उचलतोय, यंत्राला कळलं, मला न्हाय!” इतक्या वर्षांच्या जाणकारीला आपल्यापेक्षा बारीक नजर भेटली, याचा त्यांना आनंद होई. मी पुढाऱ्यांत, मास्तरांत, क्रांतिकारकांतसुद्धा हा गुण फार कमी पाहिला आहे.

आणि मग सोनारी.

परंड्याच्या बाजूला सोनारीला काळभैरवाचं देऊळ आहे. रविवारी गर्दी असते, म्हणून मॅडमनी उन्हाळ्यात एका रविवारी तिथे शिबिर ठेवलं. देवळाच्या आवारात कनातीखाली टेबल, आणि चालायला समोरची लांबरुंद दगडी फरशी. सकाळी लोक येऊ लागले. मी कागद वाचून दाखवत होते, अक्का चंच्या बांधत होत्या, भिंतीवरून माकडं बघत होती. दहा-साडेदहापर्यंत सगळं नेहमीसारखं चाललं. त्यानंतर पडद्यावर पिवळ्या आणि लाल खुणांचा पाऊस सुरू झाला. धडधाकट पोरी लाल, पैलवान लाल. रांगेतले लोक थट्टा करू लागले. “आख्खी सोनारी लंगडी झाली की वो!” एकाने तर मॅडमना सांगितलं, “बाई, आता त्या माकडांस्नी बांधून बघा फोन.”

मॅडम रडकुंडीला आल्या. त्यांनी सूचनांचा कागद काढला. पहिलीच ओळ होती, ‘नेहमीच्या पादत्राणांसह चालवावे.’ आम्ही सगळ्यांनी खाली बघितलं. एकाच्याही पायात चप्पल नव्हती. देवळाच्या आवारात चपला काढायच्या, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. लोकांनी काढल्या, मी काढल्या, अक्कांनी काढल्या, बाहेरगावच्या मॅडमनीही आमचं बघून काढल्या. फोनला जी चाल ओळखायला शिकवलं होतं ती चपलांतली, सपाट जमिनीवरची. आणि इथे तापलेल्या दगडावर माणसं अनवाणी नाचत होती.

“सगळ्या नोंदी वाया गेल्या,” मॅडम म्हणाल्या. “आजचं सगळं पुसून टाकते.”

तेवढ्यात अप्पा आले. माझ्या जेवणाचा डबा विसरला होता, तो घेऊन एसटीने आले होते. अप्पा देव मानत नाहीत, पण लोकांच्या श्रद्धेचा मान म्हणून आवाराबाहेर चपला काढून आले. त्यांना साखरेचा आजार होऊन बरीच वर्षं झाली होती. गोळ्या घेत, पण पाय दाखवायला त्यांनी कायम नकार दिला. मला काही होत नाही, रोज मैलोगणती चालतो, हे त्यांचं म्हणणं. आणि मीही त्यांना कधी आग्रह केला नव्हता. गावभर लोकांना कागद वाचून दाखवणारी मी, घरातल्या माणसाच्या नकाराला तत्त्व समजून गप्प बसले होते.

“काय अक्का, तुमचं यंत्र सगळ्यांना लंगडं म्हणतंय म्हणे?”

“तुम्ही चालता का एकदा अप्पा? नको असंल तर नको.”

अप्पांना तमाशा आवडायचा. मी कागद वाचला, त्यांनी सही केली, चंची बांधली आणि निघाले. ताठ मान, संथ पाऊल, वीस पावलं गेले, वळले, वीस पावलं आले. फोनवर हिरवी खूण उमटली. त्या भर उन्हात, इतक्या लालपिवळ्यांत हिरवी! लोकांनी टाळ्या वाजवल्या. “मास्तर एक नंबर!” अप्पांनी हात उंचावले. मलाही अभिमान वाटला, हे लिहिताना आज लाज वाटते.

अक्का टाळ्या वाजवत नव्हत्या. “पत्रकबाई, तू चाल.”

मी सावलीतून उन्हात पाऊल टाकलं आणि किंचाळलेच. टाचा उचलत, बोटं आखडत, पळत सुटले. फोन लाल.

“पोळलं?”

“मरणाचं!”

“मग तुझ्या बापाला का पोळलं न्हाय?”

हा प्रश्न त्यांनी हळू आवाजात विचारला. अप्पांचा उंचावलेला हात खाली आला. अक्कांनी त्यांना बसवलं, पाय मांडीवर घेतला. तळव्याला मोठे फोड उठायला लागले होते, आणि उजव्या करंगळीच्या बुडाशी एक जुनी, काळी, कडा वळलेली जखम होती. आत सराट्याचा काटा रुतून बसला होता. किती दिवसांचा, कुणास ठाऊक. अक्कांनी नायलॉनचा दोरा लावला. “कळलं?” अप्पा डोळे मिटून बसले होते. “लावा की,” ते म्हणाले. दोरा केव्हाचा लागलेला होता.

मी बापाला घाबरलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पण अक्कांचं मोठेपण मला कळलं ते त्याच्या पुढच्या क्षणी. अप्पांचा पाय मांडीवर तसाच ठेवून त्या मॅडमना म्हणाल्या, “पुसू नका. आजचं काही पुसू नका. सकाळी दहानंतर जे जे हिरवे आले, त्यांची नावं काढा.”

मॅडमना समजायला काही क्षण लागले. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. ज्याला पोळलं तो नाचला, म्हणून लाल झाला. ज्याला काहीच कळलं नाही, तो शांत चालला आणि हिरवा झाला. आमच्या चुकीने एक अशी परीक्षा घेतली गेली होती, जी कुणी मुद्दाम घेऊ धजलं नसतं. आणि तिचा निकाल उलटा वाचायचा असतो हे तिथे फक्त एका निवृत्त नर्सला दिसलं. मॅडम म्हणाल्या, “अक्का, फोन चुकला नव्हता...” अक्का म्हणाल्या, “न्हाय बाई. त्यानं खरं सांगितलं. आपण त्याला काय विचारलं, ते आपल्याला कळलं न्हाय.”

यादी निघाली नऊ जणांची, अप्पा धरून. बाकीचे आठ गर्दीत पांगले होते. अप्पांना जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात भरती केल्यावर अक्का आणि मी त्या आठ जणांच्या मागे लागलो. वाड्या, वस्त्या, एक वीटभट्टी. दोघे मेंढपाळ निघाले, जन्मभर अनवाणी चालून तळवे कातड्यासारखे टणक झालेले. दोऱ्याचा स्पर्श त्यांना चटकन कळला. अक्कांनी त्यांना हसून सोडलं. उरलेल्या सहा जणांना कळला नाही. त्यातल्या पाच जणांनी ऐकलं. सहावे गृहस्थ वाशीच्या बाजूचे. ते दारातूनच म्हणाले, “बाई, मला काय दुखतच न्हाय, तर दवाखाना कशाला?” अक्का चार वेळा त्यांच्या दारी गेल्या. पाचव्या वेळी ते स्वतः आले, बैलगाडीत झोपून, आणि त्यांचा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. ‘दुखत न्हाय, हेच दुखणं हाय’ हे वाक्य अक्का रडत म्हणाल्या, ते त्या दिवशी.

अप्पांच्याही पायाचा निकाल लागायचा होता. डॉक्टरांनी करंगळी काढली आणि सांगितलं, जखम भरली तर पाय राहील. नाहीतर पुढचं बघावं लागेल. जखम भरायला एकच उपाय, त्या पायावर भार द्यायचा नाही. कित्येक आठवडे. चालणं हाच ज्याचा धर्म, त्याला हे कसं जमावं? अक्का रोज सकाळी मलमपट्टीला घरी येत. जखमेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढत, कालचा आणि आजचा शेजारी ठेवून अप्पांना दाखवत. एक दिवस त्यांनी अप्पांच्या खिशातला फोन मागितला आणि चष्म्यातून बघत विचारलं, “मास्तर, काल दुपारी कुठं गेला होता?”

“मी? कुठंच नाही.”

“मग ही सातशे पावलं कुणी टाकली? खिसा एकटाच फिरायला गेला का?”

अप्पा एसटी स्टँडपर्यंत पत्रकं द्यायला गेले होते. ते भडकले. “हीच ती पाळत! माझ्या पोरीनं बरोबर लिहिलं होतं! माझ्या खिशातलं यंत्र माझीच चहाडी करतंय!”

मी दारात उभी होते. अप्पा माझंच वाक्य बोलत होते आणि त्यांचा पाय अक्कांच्या मांडीवर होता.

अक्कांनी फोन त्यांच्यापुढे ठेवला. “बरोबर हाय तुमचं. न विचारता बघितलं, म्या चुकले. आता विचारते. पावलं मोजायचं बंद करू का? तुम्ही म्हणाल तसं. उद्या येणार मात्र मी हायच.”

अप्पांनी फोन उचलून परत खिशात टाकला. मग ते म्हणाले, “राहू द्या चालू. पण रोज मला विचारून बघा.”

“विचारून बघीन.”

आणि त्या रोज विचारत. “मास्तर, बघू का?” अप्पा मान हलवत. पडद्यावरची पावलं कमी होत गेली, जखम लहान होत गेली. माझ्या पत्रकाचा तिसरा परिच्छेद, ज्यात नुसती वाफ होती, तो कसा लिहायला हवा होता हे मला त्या दोघांच्या रोजच्या एका प्रश्नाने शिकवलं. पावसाळा संपता संपता जखम मिटली. अप्पा मऊ तळाच्या, बंद टाचेच्या चपला घालून अंगणात उभे राहिले. अक्कांनी एकच अट घातली. घरात, रानात, देवळात, दुसऱ्याच्या दारात, कुठंही, कुणासाठीही, अनवाणी पाऊल टाकायचं नाही. तीच अट उरलेल्या सहा जणांनाही.

गेल्या पौषात अक्का गेल्या. सकाळी ओसरीवर बाक टाकून बसल्या आणि बसल्या जागीच. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून, फुलांनी सजवलेल्या विमानातून, म्हणजे पालखीतून, रुद्रभूमीकडे, दफनाच्या जागेकडे नेलं. पंचक्रोशी लोटली होती. पुढे कानडी आणि मराठी भजनं, मागे आम्ही. अप्पा माझ्यापुढे चालत होते आणि मी त्यांच्या टाचा बघत होते.

रुद्रभूमीच्या कडेला आल्यावर लोकांनी चपला काढायला सुरुवात केली. समाधीच्या खड्ड्यापर्यंतची जमीन वाळलेल्या सराट्यांनी भरली होती, तरी सगळे अनवाणी झाले. अप्पा तसेच पुढे गेले. विधी सांगणाऱ्या स्वामींनी त्यांच्या पायांकडे बोट केलं. “मास्तर, चपला.”

अप्पांनी हात जोडले. “स्वामीजी, अक्कांची मनाई हाय.”

कुणीतरी मागून पुटपुटलं. स्वामींनी एकदा विमानात बसलेल्या अक्कांकडे बघितलं, एकदा अप्पांच्या पायांकडे. “मग तसेच या,” ते म्हणाले.

अप्पांच्या मागोमाग गर्दीतून आणखी सहा जण निघाले. दोन बायका, चार पुरुष. शेवटचे गृहस्थ कुबड्यांवर होते. त्या सगळ्या अनवाणी गर्दीत फक्त सात माणसं चपला घालून अक्कांपर्यंत चालत गेली. सात माणसं, तेरा चपला. त्यांच्या तळाखाली सराटे कडकड मोडत होते, आणि ते त्यांना ऐकूनच कळत होतं.